रविवारचा वर्ग आणि मोठे दीर

आमच्याकडे सून मोठ्या दिरासमोर बोलत नसे. पदर डोक्यावर, नजर खाली. त्यांना चहा हवा असला की ते लेकराला सांगत आणि लेकरू मला. आताच्या सुना दिरांशी फोनवर गप्पा मारतात, त्यांना हे खोटं वाटेल. माझी दोन्ही लेकरं शाळेत जायला लागली तरी त्यांच्या-माझ्यात सरळ एक शब्द झाला नव्हता. माणूस वाईट नव्हता, रीतच तशी होती.

बारावीनंतर लग्न झालं आणि माझं शिक्षण राहिलं ते राहिलंच. तालुक्याला, सेनगावला, मोठ्या माणसांसाठी पदवीचा वर्ग रविवारी भरतो असं कळलं, तेव्हा मी नवऱ्याच्या मागेच लागले आणि त्याने माझं नाव घातलं. पहिल्या रविवारी आमच्या गोरेगावहून जीपमध्ये बसले, तर पुढे ड्रायव्हरशेजारी मोठे दीर! ते एका शाळेत शिपाई होते. पदवी झाली तर कारकून होऊ, अशी त्यांना आशा. माझा नवरा बिचारा दोघांनाही हो म्हणाला होता आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलंच नव्हतं.

वर्गात ते पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. सगळेच संसारी, कुणी अंगणवाडीतली, कुणी एसटीत कंडक्टर. सर आमच्याहून लहान. चुकून काकू म्हणायचे आणि ओशाळायचे. मधल्या सुट्टीत आम्ही बायका भाकरी-ठेचा वाटून खायचो आणि शाळेतल्या पोरींसारख्या खिदळायचो. ते रविवार आठवले की अजून जीव हळहळतो. एवढं मोकळं मी आधी कधी हसले नव्हते.

मग सरांनी सांगितलं, प्रत्येकाने वर्गासमोर उभं राहून बोलायचं. जो बोलणार नाही तो नापास. माझी पाचावर धारण बसली. भाषण तर भांडी घासता घासता पाठ झालं होतं, पण मोठ्या दिरांदेखत तोंड उघडायचं कसं? नवऱ्याला म्हटलं, सोडते शिक्षण. "काहून सोडतीस? मी बोलतो दादाशी," तो म्हणाला. बोलला की नाही कोण जाणे. दादासमोर तो माझ्याहून मुका.

माझं नाव पुकारलं. मी उठले आणि पदर आणखी पुढे ओढून बाकापाशीच उभी राहिले. तेवढ्यात मोठे दीर उठले, कुणाकडे न बघता बाहेर गेले आणि आवारात भर उन्हात उभे राहिले. मग मी बोलले. गावच्या पाण्यावर बोलले, आणि सरांनी थांबवेपर्यंत बोलतच राहिले.

पुढचं नाव त्यांचंच होतं. ते आत आले. ज्यांच्या एका खाकरण्याने आमचं घर चिडीचूप व्हायचं, ते हातातला कागद नुसते उघडत-मिटत होते. त्यांनी माझी अडचण ओळखली होती, आता त्यांची मी ओळखावी म्हणून पदर सावरत दाराकडे निघाले.

"बस की बाई," ते म्हणाले. सरळ मला म्हणाले. "घरचं कुनी समोर असलं का धीर येतो."

मी समोरच्याच बाकावर बसले, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मान खाली घातली नाही.