अर्धी गवसणी

नोरा टॅटरसॉलला राजा नको होता. राणीही नको होती. हा वाईट म्हणून पुढचा चांगला हवा, असलं काही नाही. तिला ती गादीच नको होती. एल्मथॉर्प गावात तिने हे कुणापासून लपवलं नाही. पबमध्ये सांगायची, टपालाच्या रांगेत सांगायची. एकदा दातांच्या डॉक्टरने तोंडात हत्यारं घातलेली असतानाही सांगत होती. डॉक्टर बिचारा हं हं करत राहिला.

या वैराचं मूळ जुनं. तिचा बाप एका मोठ्या जहागिरीवर घोड्यांची खोगिरं शिवायचा. मालकांचं सात-आठ वर्षांचं कार्टं समोरून आलं तरी बापाला टोपी काढावी लागायची. पुढे ती शाळेत असताना कुठलीशी डचेस गावावरून जाणार होती, म्हणून पोरांना कागदी झेंडे देऊन सकाळपासून पावसात उभं केलं. दुपारी गाडी आली, चिखल उडवला आणि गेली. तोवर नोराच्या झेंड्याचा लगदा झाला होता, हातात नुसती काडी उरली होती. ती काडी हलवत आपण ‘हुर्रे’ ओरडलो, याची तिला म्हातारपणीही लाज वाटायची.

बापाचंच काम तिने पुढे चालवलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. तिच्याजवळ होती आरी, मेणाचा दोरा, बापाचं एक जुनं खोगीर, आणि चर्चचा मनोरा.

मनोऱ्यात सहा घंटा. सहा घंटांना सहा माणसं, प्रत्येकाच्या हातात एक दोर, आणि धाकटीपासून थोरलीपर्यंत एकामागून एक वाजवत जायचं. एक माणूस आलं नाही की पडलेल्या दातासारखी फट राहते, आणि ती अख्ख्या गावाला कळते. नोरा या मंडळींची कॅप्टन होती. दरवर्षी रीतसर निवडणूक व्हायची आणि दरवर्षी तीच निवडून यायची. कबुतरांची घाण काढणं आणि पाद्रीबाईंशी हुज्जत घालणं, यातलं दुसऱ्या कुणाला काहीच नको होतं, हे खरं कारण.

थोरली घंटा ओढायचा सिरिल ऑक्सली. गावचा खाटीक. लालबुंद, गोल, मनाने लोण्यासारखा, आणि राजघराण्याचा असा भक्त की विचारू नका! नाताळच्या दुपारी टीव्हीवर राणीचं भाषण सुरू झालं की हा स्वतःच्या स्वयंपाकघरात एप्रनसकट ताठ उभा राहायचा. बायको म्हणायची, “अरे, तिला तू दिसत नाहीस.” सिरिल म्हणायचा, “मला ती दिसते ना!”

दर मंगळवारी सराव संपला की मंडळी पबमध्ये जायची आणि या दोघांची जुंपायची.

“पंतप्रधान म्हणजे भाडेकरू,” सिरिल म्हणायचा. “येतात, भिंतीला खिळे ठोकतात, जातात. घरात कायमचं कुणी नको?”

“मग घरमालक म्हण की सरळ! आणि भाडं कोण भरतं? तू.”

“बरं, राजा घालवून बसवशील कुणाला? अध्यक्षाला? तो पिकर्सगिल होईल बघ अध्यक्ष.” पिकर्सगिल म्हणजे आमचा कौन्सिलर. चर्चसमोर पार्किंगचं मशीन त्यानेच बसवलं.

“होऊ दे. पाच वर्षांनी लाथ घालून हाकलू. तुझ्या त्यांना हाकलून दाखव.”

“पण हाकलायचं कशाला त्यांना?”

“हाकलायचं नाही रे बाबा. हाकलता यायला हवं!”

चाळीस वर्षं हेच. शब्दही फारसे बदलले नाहीत.

राजघराण्यात लग्न असलं, राज्याची अमुक इतकी वर्षं झाली, की गावोगावच्या घंटा वाजतात. आमच्या वाजायच्या पाच. नोरा खाली चहा उकळत बसायची. सिरिल घाम पुसत खाली यायचा आणि कप हातात घेताना विचारायचा, “फट ऐकू आली का?” नोरा म्हणायची, “फार गोड वाजली.” दोघं हसायची आणि शनिवारी सिरिलच्या दुकानातून नोराकडे सॉसेजचं पुडकं यायचं. पैसे कधी घेतले नाहीत त्याने.

मग राणी गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याची गवसणी बांधतात. घंटा एकदा खणखणीत वाजते आणि परतताना दबकी, लांबून कुणी ओ दिल्यासारखी. खाटीक जावो की बँकेचा मॅनेजर, सगळ्यांना हीच अर्धी गवसणी. पण राजा किंवा राणी गेली तर दोन्ही बाजूंना बांधायची. पाच घंटा पुऱ्या मुक्या आणि फक्त थोरलीची एक बाजू उघडी. हा मान गादीवरच्या माणसाचा, फार तर बिशपचा किंवा त्या चर्चच्या पाद्र्याचा. इतरांचा नाही.

मनोऱ्यात गवसण्या होत्या सहा आणि हव्या होत्या अकरा. सत्तर वर्षांत कुणाला गरजच पडली नव्हती, आणि आता देशातल्या सगळ्या मनोऱ्यांना एकदमच लागत होत्या, तेव्हा विकत कुठून मिळणार? सिरिल नोराच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले, टोपी हातात.

“नोरा, शिवशील का गं?”

“आधी टोपी घाल,” नोरा म्हणाली. “माझ्या दारात टोपी काढायची नाही.”

आणि तिने शिवल्या. चांगलं जाड चामडं घरात एकच होतं, बापाचं खोगीर. तेच कापलं. स्वतः शिडी चढून वर गेली, अकराच्या अकरा बांधल्या, खाली आली आणि घरी निघून गेली. वाजल्या पाचच घंटा. ब्याऐंशी वर्षांचा सिरिल थोरली ओढत होता आणि रडत होता, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

या वेळी त्याने फटीबद्दल विचारलं नाही. शनिवारी सॉसेज आले नाहीत. पुढच्याही शनिवारी नाहीत. ते आले थेट पुढच्या मे महिन्यात, नव्या राजाला मुकुट चढला त्या आठवड्यात, आणि पुडक्याबरोबर चहाचा एक मग आला. मगवर हा मोठा मुकुट! नोराने तो मग आरी आणि सुया ठेवायला घेतला. टाकून काही दिला नाही.

सिरिलने त्या वर्षी दोर सोडला. त्याच्या जागी एक शाळामास्तर आला. पुढल्या शरदात सिरिल हॉस्पिटलात पडला तो उठलाच नाही. नोरा एक दिवसाआड जायची. एकदा त्याने स्वतःहून विषय काढला.

“माझ्या वेळी अर्धीच बांधायची हं.”

“का म्हणून? अकरा आहेत आता. पाच माझ्या हातच्या.”

“पुरी गवसणी राणीची आहे.”

“तू पन्नास वर्षं थोरली ओढलीस. तिने एकदा तरी ओढली का?”

सिरिलला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर म्हणाला, “पोरी, मला मिळणार नाही असं काहीतरी या जगात आहे, हे मला बरं वाटतं. मान सगळ्यांनाच वाटून टाकला की मग ते नुसतं चामडं.”

“हे गुलामाचं बोलणं झालं, सिरिल.”

“असेल. पण माझं आहे ना? अर्धीच. शब्द दे.”

नोराने शब्द दिला नाही. उशी सारखी केली, म्हणाली, “झोप आता, म्हाताऱ्या.” त्याच आठवड्यात तो गेला.

आता काय करायचं? नोराच्या मनात तरी प्रश्नच नव्हता. जन्मभर कंठशोष केला की माणसापेक्षा माणूस मोठा नाही. मग पाहण्यातला सगळ्यात भला माणूस गेला, त्याला वाजवायचं ते गादीवाल्यांपेक्षा खालचं? छट्! मेलेल्याला काय कळतंय? तिने मंडळींना बोलावलं आणि पुऱ्या गवसणीचा ठराव मांडला. सिरिलची मुलगी ग्विन आता त्याचं दुकान चालवायची आणि तिसरी घंटा ओढायची. बापाला राजाचा मान म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. पाद्रीबाई म्हणाल्या, “रीतीत बसत नाही खरं. पण पाद्री म्हणून माझ्या वाट्याची एक आहेच. ती त्यांना दिली, असं समजू.” सहाच्या सहा हात वर झाले. सिरिल हॉस्पिटलात काय म्हणाला होता, हे नोराने सांगितलं नाही.

दफनाच्या दिवशी सकाळी ती एकटीच वर गेली. पाच घंटांना दुहेरी गवसण्या बांधून झाल्या. शेवटी थोरलीपाशी आली. थोरलीला दोन्ही वेळा एकच गवसणी असते, राजा असो नाहीतर खाटीक. बदलते ती फक्त बाजू. नोरा गवसणी हातात धरून उभी राहिली. बापाच्या खोगिराचं चामडं. बोटांना ओळखीचं.

आणि तिला बाप दिसला, त्या कार्ट्यासमोर टोपी काढणारा. कुणी विचारलं होतं त्याला, काढू का म्हणून? दुसऱ्यांनी ठरवायचं आणि बापाने वाकायचं. याचाच तर तिला सगळा संताप. आणि आता ती काय करत होती? एक माणूस तोंडाने सांगून गेला की मला हे नको, आणि ही त्याच्या डोक्यावर जबरदस्तीने मुकुट चढवायला निघाली होती. का, तर तिला चाळीस वर्षांचं भांडण जिंकायचं होतं, आणि समोरचा आता उलटून बोलणार नव्हता.

“मेल्या सिरिल,” ती मोठ्याने म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. तशीच रडत रडत ती परत पहिल्या घंटेपाशी गेली आणि एकेक करून पाच गवसण्या सोडवल्या. थोरलीला सगळ्यांसारखीच बांधली. खाली आली तेव्हा मंडळी दोर धरून उभी होती. शवपेटी दारात आली होती. सांगायला वेळ होता, पण तिने सांगितलं नाही. मास्तरला आपल्या दोराकडे पाठवलं आणि सरळ थोरलीचा दोर धरला.

पहिलाच ठोका खणखणीत पडला. ग्विनने चमकून तिच्याकडे पाहिलं. पण घंटा चालू झाल्या की थांबवता येत नाहीत, बापाच्या दफनाला तर नाहीच नाही. खणखणीत, मग दबकी. खणखणीत, मग दबकी. सहाच्या सहा. फट नव्हती.

सगळं आटोपल्यावर चहाच्या टेबलापाशी ग्विनने तिला गाठलं.

“मतदान झालं होतं ना?”

“झालं होतं.”

“मग?”

“मी मोडलं. तुझा बाप मला म्हणाला होता, अर्धीच बांध.”

ग्विनचा चेहरा पांढरा पडला. “हे मतदानाआधी का नाही बोललीस?”

“मला हरायचं नव्हतं,” नोरा म्हणाली.

“म्हणजे आधी आम्हाला अंधारात ठेवून मत घेतलंस, आणि मग तेही पायदळी तुडवलंस? वा! राणीच झालीस की गं तू.”

नोराला हे असं लागलं की कप तसाच ठेवून ती घरी निघून गेली. नोरा वाद अर्धा टाकून गेली, हे एल्मथॉर्पमध्ये पहिल्यांदाच घडलं.

पुढच्या मंगळवारी तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. “कॅप्टन निवडा,” म्हणाली. मास्तर म्हणाला, “अहो, राहू द्या, झालं गेलं. सिरिलच्या मनासारखं तर झालं ना?” नोरा त्याच्यावर खेकसली, “मनासारखं झालं म्हणून सोडून द्यायचं? उद्या मनासारखं नाही झालं तर काय कराल? हात वर करा गुमान.” ग्विन निवडून आली. नोराचाही हात वर होता. कबुतरांची घाण आता ग्विन काढते. शनिवारी नोराच्या दारात सॉसेजचं पुडकं होतं, चिठ्ठी ना काही.

दुपारी ती कबरीवर गेली. माती अजून ताजी होती. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पबमध्ये बोलायची त्याच आवाजात बोलली.

“ऐक, म्हाताऱ्या. तुला हवी तशी वाजवली. खोटं वागून वाजवली, ते वेगळं. पण बघ, चुकले तर मला हाकलता आलं. एका मंगळवारात! कुणाचं डोकं फुटलं नाही, चहासुद्धा थंड झाला नाही. आता तुझ्या त्यांना हाकलून दाखव.”

एवढं बोलून ती चाळीस वर्षांच्या सवयीने थांबली. आता तो म्हणणार होता, ‘पण हाकलायचं कशाला त्यांना?’

मग तिनेच त्याचं वाक्य म्हटलं, हळू, त्याच्याच ठेक्यात.