घराला अकरा, खुब्याला वीस

आमच्या घराला अकरा वर्षं उरली आहेत हे कळलं, तेव्हा मी सवयीप्रमाणे यादी केली.

(याद्या मी सगळ्याच गोष्टींच्या करते. गॅसची नळी कधी बदलायची, कुणाच्या गोळ्या कधी संपतात, सगळं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं असतं.) जालन्यातलं हे घर आमचं आहे, पण खालची जागा नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याची. सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, घर घेतलं तेव्हा पट्ट्याची चाळीस वर्षं शिल्लक होती. "चाळीस म्हंजे काय कमी झाली का?" असं ते तेव्हा म्हणाले होते. बसल्या बसल्या एकोणतीस संपली! पुढे मुदत वाढते असं सांगणारे पुष्कळ, लिहून देणारा एकही नाही. बँकेनं दुरुस्तीला कर्ज नाकारलं. बदनापूरचं एक गिऱ्हाईक घर बघायला आलं, दोन कप चहा प्यायलं, पट्टा वाचला आणि तिसरा कप अर्धा टाकून गेलं.

मग मी नियम केला. अकरा वर्षांपेक्षा जास्त टिकेल अशी एकही वस्तू घरात आणायची नाही. वरची वर्षं कुणाच्या घशात घालायची? नळ प्लास्टिकचे आणले. रंग असा लावला की दिवाळीचा होळीला उडाला. यांनी सागवानी दाराचा विषय काढला, तर मी नुसतं कपाट उघडून दाखवलं.

राहिला जिन्याचा कठडा. तो गंजून निखळला होता. दादा ब्याऐंशीचे. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की गच्चीवर जाऊन टाकी भरलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दादांना चैन पडत नसे. हाताला धरायला काहीतरी पाहिजे, एवढंच ते म्हणायचे. मी रफिकभाई वेल्डरला बोलावलं.

"भाभी, असा लोखंडी बनवतो, पन्नास वर्षं बिलकुल हलणार न्हाई."

"मंग नको. दहा वर्षंवाला न्हाई का?"

रफिकभाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला मुद्दाम कच्चं काम करायला सांगत होते. (सांगतच होते.) शेवटी मी जिन्याला नायलॉनची दोरी बांधली. यादीत लिहिलं: दोरी, तीन वर्षं.

ती चार महिने टिकली. पाणी आलं, दादा वर गेले, टाकी भरलेली पाहून खूश होऊन उतरायला लागले आणि शेवटच्या सात पायऱ्या एकदम उतरले. खुबा मोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी नवा खुबा दाखवला. धातूचा, चकचकीत. वीस वर्षं काळजी नाही, म्हणाले. आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, निव्वळ सवयीनं निघून गेलं, "यापेक्षा कमी टिकणारा नाही का?"

डॉक्टरांनी खुबा खाली ठेवला. हे भिंतीकडे पाहू लागले. स्ट्रेचरवरून दादांचाच आवाज आला.

"डॉक्टरसाब, सूनबाई बराबर बोलून राह्यली. घराला अकरा, खुब्याला वीस. वरची नऊ वर्षं हा खुबा घेऊन मी ऱ्हाऊ कुठं?"

हसले ते एकटेच.

वीस वर्षांचाच बसवला. दादा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पन्नास वर्षांचा कठडा लावून घेतला. रफिकभाईनं जाताना तो दोनदा हलवून दाखवला. तो कठडा धरून दादा एकदाही वर गेले नाहीत. नळाला पाणी आलं की पलंगावरूनच विचारायचे, टाकी भरली का? आठव्या महिन्यात ते गेले.

राख सावडताना खुबा सापडला. जरा काळवंडलेला, बाकी शाबूत. लोखंड नदीत सोडू नका, असं गुरुजी म्हणाले, म्हणून घरी आणला. चिंच लावून घासला आणि कपाटात ठेवला. दारावरच्या यादीत आता शेवटी असं आहे: घर, दहा वर्षं. खुबा, एकोणीस. कठडा, एकोणपन्नास.

दोनदा तपासलं. चूक नाही. माझ्या यादीत कधीच नसते!