बाबुरावच्या काचेतली हयात माणसं

गुडीहत्नूरच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान, अन् शेजारी बाबुरावचा फोटो स्टुडिओ. लाईट गेली की मी त्याच्या बाकावर! ऐंशी-नव्वदच्या त्या सालांत तिथं इतके किस्से साचले, की कोणता हसून सांगावा अन् कोणता रडून, तेच कळत नाही.

बाबुराव प्रत्येक फोटोमागं टॅग बांधायचा. नाव, गाव, अन् त्यानं स्वतःच काढलेला तिसरा रकाना, ‘हयात’. तिथं ‘होय’ असेल तोच फोटो शोकेसमध्ये. ‘नाही’ झालं की पेटीत. ‘‘मेलेल्या माणसाले रस्त्यावर उभं करू नये,’’ म्हणायचा.

झालं! लोक शोकेसलाच दाखला समजू लागले.

एकदा काच पुसताना मावला गावच्या लक्ष्मण भाजीवाल्याचा फोटो परत लावायचा राहिला. त्याचा साडू बाजारातून रडतच मावल्याला पोचला. संध्याकाळी लक्ष्मण स्वतः हजर. ‘‘काऊन रे बाबू, मी मेलो अन् मलेच सांगतलं नाही?’’

एक बाई नवऱ्याशी भांडून आली. ‘‘काढ त्याचा फोटू! माह्यासाठी मेला तो!’’

बाबुराव म्हणाला, ‘‘ताई, रकान्यात ‘माह्यासाठी’ बसत नाही!’’

अन् गंगूमावशी. तिचा किसन ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, तो आलाच नाही. घरी ती अन् तरणी सून, दोघीच. दर बाजाराला दोघी काचेतल्या त्याच्या फोटोसमोर उभ्या राहायच्या. ‘‘हाय ना रे, बाबू?’’ ‘‘हाय, मावशी.’’ मग भाजी घ्यायला जायच्या.

एक दिवस उटनूरचा एक ड्रायव्हर आला. किसन घाटातल्या अपघातात गेला, म्हणाला. माझ्यासमोरच सांगितलं त्यानं. बाबुरावनं टॅग हातात घेतला, पेन उघडलं, अन् तसंच बंद केलं. मला फार वाईट वाटलं, पण मावशीला मीही ते कधी सांगितलं नाही.

पुढं कितीतरी बाजार ‘‘हाय, मावशी’’ चालूच.

मग एकदा मावशी एकटीच आली. ‘‘बाबू, किसनचा फोटू काचेतून काढ. सुनेचा पाट लावाचा हाय, दुसरं लगन. चांगलं स्थळ आलं. पण ती या काचेकडं बोट दाखवते अन् नाही म्हणते.’’

बाबुराव चाचरला. ‘‘पण मावशी, पक्कं कुठं कोणाले माहीत हाय?’’

‘‘तुले हाय,’’ मावशी म्हणाली. ‘‘कवापासून माह्याकडं न पाहताच ‘हाय’ म्हणून राह्यला तू.’’