आधी स्वतःच्या हातावर

माझ्या आत्याला माणसं फारशी आवडत नाहीत, आणि हे ती लपवतही नाही. पाहुणे आले की पाणी देते, बसा म्हणते, आणि ते बसले की आपण उठून जाते. "माणूस बोलतो एक, करतो दुसरं आणि रुसतो तिसऱ्याच गोष्टीवर," असं तिचं म्हणणं. "घोड्याचं तसं नाही. नको असलं की तो कान मागे टाकतो. विषय संपला."

घोडेस्वारीच्या शाळेच्या पागेत तिची हयात गेली. घोड्यांना खरारा करायचा, म्हणजे त्यांचं अंग ब्रशने घासूनपुसून साफ ठेवायचं, हे तिचं काम. लोकांना वाटतं त्यात काय मोठंसं, धूळ तर झाडायची. असं कुणी तिच्यासमोर म्हणालं की ती त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि पुन्हा कामाला लागते. मला मात्र राग येतो. आत्या आणि मी राहतो त्या घराखालीच माझं केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक निदान "आई गं" तरी म्हणतं.

आत्याची एक पद्धत होती. ब्रश नवा असो नाहीतर जुना, घोड्याला लावण्याआधी ती तो उजव्या हातात धरून आपल्याच डाव्या हाताच्या आतल्या बाजूवरून, मनगटापासून कोपरापर्यंत, फिरवायची. तिथली कातडी नाजूक. तिथे टोचलं तर तो ब्रश बाद. एकदा शाळेच्या मालकांनी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, कुठूनतरी भारी ब्रश मागवले. आत्याने एकेक हातावर फिरवून पाहिला आणि निम्मे परत दिले. "हे भांडी घासायला न्या," म्हणाली. मास्तर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पण ते ब्रश त्यांनी मुकाट्याने उचलून नेले.

वय झालं तसं तिने बाकीचे घोडे लांब्याकडे सोपवले. लांब्या म्हणजे तिच्या हाताखाली तयार झालेला उंचच उंच गडी, पोराबाळांचा बाप, पण आत्यापुढे अजून मान खाली घालून उभा राहणारा. "त्यालाही शिकू दे," एवढंच आत्या म्हणाली. एक घोडी तेवढी तिने स्वतःकडे ठेवली. तिचं नाव बाईसाहेब. तांबूस अंगाची, पातळ कातडीची, स्वभावाने इतकी गरीब की नवीन पोरांना पहिल्यांदा तिच्याच पाठीवर बसवायचे. आत्या खरारा करू लागली की बाईसाहेबांचा खालचा ओठ लोंबायचा, डोळे मिटायचे आणि एक पाय सैल व्हायचा. उभ्या उभ्या झोपच लागायची म्हणा ना.

ती घोडी एके दिवशी खराऱ्याला नको म्हणू लागली.

आधी नुसती कातडी थरथरायची, माशी बसल्यासारखी. पोटाशी, जिथे खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळतात, तिथे ब्रश गेला की शेपूट सपकन फिरायचं. मग कान मागे जायला लागले. मग मान वळवून ती हवेत दात आपटायला लागली, आणि एकदा तर आत्याची बाहीच दातात धरली. लांब्या पुढे झाला तर त्याच्यावरही तीच पाळी. ब्रश दिसला की घोडी भिंतीला चिकटायची. शेवटी एका सकाळी लांब्या तिला घासत असताना एक लहान मुलगी जवळ उभी होती, आणि बाईसाहेबांचे दात तिच्या खांद्याजवळ वाजले. लागलं नाही, पण मुलीच्या आईने जे पाहायचं ते पाहिलं होतं.

मास्तर आत्याला म्हणाले, "लहान मुलांत चावरी घोडी ठेवता येत नाही, आत्या. तुम्हाला मी वेगळं काय सांगू?" माल वाहणाऱ्या घोडागाड्या चालवणारा एक ठेकेदार घोडी न्यायला तयार होता. मास्तरांनाही ते गोड वाटत नव्हतं, पण शब्द देऊन झाला होता. घोडी का बिघडली हे ठेकेदार यायच्या आत कळलं नाही, तर बाईसाहेब उरलेला जन्म ओझी ओढणार, एवढं सगळ्यांना स्पष्ट होतं.

जो तो आपली अक्कल पाजळू लागला. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं लाडाने शेफारली. आत्याने कुणाचं ऐकलं नाही. "ती उगाच काही करत नाही," एवढंच म्हणून ती कामाला लागली. तंगाची शिवण बोटाने चाचपून पाहिली. खोगिराखालची गादी नव्या साबणाने धुतली होती, म्हणून ती पुन्हा नुसत्या पाण्याने धुतली. केस पांगवून पांगवून गोचीड शोधली. आणि सगळे ब्रश एकामागून एक आपल्या डाव्या हातावर फिरवून पाहिले. एकही टोचला नाही.

मग गुरांची डॉक्टर आली. तिने वेळ काढून तपासलं. अंगठ्याने सगळं अंग दाबून पाहिलं, पोटसुद्धा, आणि घोडीने ते निमूट दाबू दिलं. दात पाहिले. काही घोड्यांच्या पोटात आग होते, त्यांना पोटाला हात लागलेला खपत नाही, म्हणून नळी घालून तेही पाहिलं. काही निघालं नाही.

"आत्ता तिला कुठे दुखत नाहीये," डॉक्टर आत्याला म्हणाली. "पण आधी दुखलं असणार, आणि तेही एकदा नाही. जनावर ते विसरत नाही. हात त्या बाजूला वळला की आधीच अंग चोरतं. कशाने दुखलं ते शोधा, आत्या. औषध त्यावर आहे, घोडीवर नाही."

घरी आत्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवताना ताटाकडे लक्ष नाही. मी काही विचारलं तर वसकन अंगावर येई. मीही काही गरीब नाही, आमची चांगली जुंपली.

आता इथे एक सांगायला हवं. थंडी सुरू झाल्यापासून आत्या सकाळी दुकान उघडायच्या आधी खाली येऊन माझ्याकडून अंबाडा बांधून घ्यायची. आयुष्यभर स्वतःचे केस स्वतः बांधलेली बाई. "तुझ्या हाताला कसब आहे," म्हणायची. मी खूश. कौतुक करणं तिच्या रक्तात नाही, त्यामुळे दोन चांगले शब्द ऐकले की मला पुढचं काही सुचत नसे.

डॉक्टर येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती आरशासमोरच्या खुर्चीत बसली. आदल्या दिवशी घाईत माझ्याकडून गुंता जोरात ओढला गेला होता. मी कंगवा उचलला आणि केसांपाशी नेला, तर तिने डोकं बाजूला घेतलं.

"अजून लावलाच नाही," मी म्हणाले.

"काल ओढलंस ना."

"काल ओढलं. आज कुठे ओढलंय?"

ती उत्तर देणार होती, पण थांबली. आरशात स्वतःकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या पिशवीतला ब्रश दे."

मी दिला. तिने तो उजव्या हातात धरला, कोपर अंगाला चिकटवलेलं, आणि मांडीवर ठेवलेल्या डाव्या हातावरून फिरवला. रोजच्यासारखाच, मऊ, लांब. मग तिने ब्रश डाव्या हातात घेतला. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवताना तिने ओठ आवळले, ते मी आरशात पाहिलं. त्या उजव्या हातावर तिने डाव्या हाताने ब्रश ओढला. आखूड, कोरडा फटकारा, आणि शेवटी ब्रशची कड उचलून कातडीत रुतली. पांढरे ओरखडे उठले आणि लाल झाले. तिने पुन्हा ओढला.

"हळू ना गं," मी म्हणाले.

"हळूच करतेय," ती म्हणाली. "या हाताचं हळू असंच आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिचा उजवा खांदा वर जात नव्हता. हात पुढे लांबवता येत नव्हता. म्हणून अंबाडा माझ्याकडे, म्हणून बाकीचे घोडे लांब्याकडे, आणि लाडकी बाईसाहेब तेवढी डाव्या हाताकडे. ब्रश तिने सगळे तपासले होते, पण प्रत्येक वेळी उजव्या हाताने. त्या डाव्या हाताला कुणी कधी तपासलंच नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हा. दुसरा एखादा घोडा दोन फटके सोसून उभा राहिला असता. पातळ कातडीच्या घोडीला रोज ओरखडत होती ती तिच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेली बाई.

"खांदा दुखतो हे सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"दुखतो म्हटलं नाही मी. वर जात नाही."

मी तिला समजावू पाहिलं. कुणाला काही सांगायची गरज नाही. लांब्याला हळूच सांगू, तो हलक्या हाताने करील, घोडी येईल वळणावर. तुझा खांदा मास्तरांना कळला तर उद्या पागेत तुझं काय काम राहील? हात न उचलणाऱ्या बाईला कोण खरारा करायला ठेवील?

"आणि घोडी सुधारली असं म्हणतील सगळे," आत्या म्हणाली. "म्हणजे ती बिघडली होती, असंच ना? चावरी हा शिक्का काही पुसला जाणार नाही. पुन्हा कधी मान वळवली की ठेकेदार दारात हजर."

"मग तुझं काय?"

"गप. अंबाडा बांध."

मी बांधला, जमेल तितका हळू. मग दुकानाला कुलूप घालून तिच्याबरोबर गेले, कारण मला तिचा भरवसा नव्हता आणि मास्तरांचा त्याहून नव्हता.

मास्तर अंगणात उभे होते, लांब्याही होता. आत्या सरळ समोर जाऊन म्हणाली, "मास्तर, बाही वर करा आणि हात पुढे करा." त्यांनी केला. आत्यापुढे करतातच. तिने ब्रश डाव्या हातात घेतला आणि त्यांच्या हातावरून ओढला. मास्तरांनी झटकन हात मागे घेतला.

"तुम्हीही चावरे का?" आत्या म्हणाली. "रोज हे तिच्या पोटावर करत होते मी. उजवा खांदा धरलाय माझा, तो लपवायला डावा हात चालवला. आणि नाचता येईना म्हणून अंगण तपासत बसले. अंगण वाकडं नव्हतं. ठेकेदाराला नाही म्हणून सांगा."

लांब्या जमिनीकडे बघत होता. मास्तरांनी हात चोळत विचारलं, "आणि तुम्ही?"

"माझं मी बघेन. घोडीचं बोला."

"घोडी राहील," मास्तर म्हणाले.

मला तिचा इतका अभिमान वाटला की रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी उगाचच बादलीत हात धुतले. आयुष्यभर ज्या हातांच्या जोरावर ती कुणाला मोजत नव्हती, ते हात चुकले असं तिने चारचौघांत सांगितलं होतं, आणि तेही मान वर ठेवून.

पुढचं काम सावकाशीचं होतं. लांब्याने ब्रश ठेवून दिला आणि नुसत्या तळहाताने सुरुवात केली, मग मऊ कापड, मग कधीतरी ब्रश. आत्या घोडीच्या डोक्याशी उभी राहायची, दोन्ही हात पाठीमागे बांधून. "थांब," ती म्हणायची, आणि लांब्याला काहीच दिसलेलं नसायचं.

"अजून कान कुठे गेले मागे?" तो विचारायचा.

"गेल्यावर थांबलास तर ती शिकेल की कान मागे टाकले की सुटका. जायच्या आत थांब. म्हणजे तिला रागवावंच लागणार नाही."

असं करत करत एका सकाळी ब्रश पोटावरून गेला आणि बाईसाहेबांचा ओठ लोंबला. ती मुलगीही परत आली, आई कुंपणाबाहेर, मुलगी पाठीवर. मास्तरांनी आत्याला कामावरून काढण्याचा विषयही काढला नाही. पण तिने घोडीला हात लावला नाही. माणसांच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की खांदा वेळ घेईल, पूर्वीसारखा होईलच असं नाही. ती नुसती उभी असायची. ते बघवत नसे.

मग एकदा मी तिचा डबा द्यायला गेले, तर ती एका बुटक्या स्टुलावर बसलेली, सलवार घोट्यापासून वर केलेली, आणि उजव्या हाताने आपल्याच नडगीवर ब्रश फिरवून बघत होती. तिला कळलं होतं की हात खाली लोंबता ठेवला तर तो तिचं ऐकतो. वर जात नाही, पुढे जात नाही, पण खाली तो अजून तिचाच आहे. खात्री झाल्यावर तिने स्टूल बाईसाहेबांच्या पुढच्या पायाशी सरकवलं आणि बसून पाय घासायला लागली.

मास्तर धावत आले. घोड्याच्या पायाशी कुणी बसत नाही, हा पागेतला पहिला नियम, आणि तो आत्यानेच सगळ्यांना शिकवलेला. "उठा तिथून. तिने पाय उचलला तर?"

"नको असेल तर सांगेल ती," आत्या म्हणाली. "या खेपेला मी ऐकेन."

घोडीने पाय उचलला नाही. उलट मान खाली घातली, आत्याच्या डोक्यावर दोनदा श्वास सोडला, आणि ओठांनी तिचा अंबाडा चाळवायला लागली. घोडे एकमेकांना असंच खाजवतात, म्हणे, एकाने खाजवलं की दुसरा परतफेड करतो. मी सकाळी इतका नीट बांधलेला अंबाडा, एकेक बट सुटत खांद्यावर आली. आत्याचा हात थांबला नाही. तिचे डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी ती खाली खुर्चीत येऊन बसली. मी कंगवा नेला, तिने डोकं हलवलं नाही.

"आज जरा सैल बांध," म्हणाली. "तिला सोडायला बरं पडेल."