मधल्या दोन बल्ल्या

नामदेवराव हंबर्डे यांना हैदराबादेत नारायणगुड्यापासून नामपल्लीपर्यंतचे सगळे मेस्त्री 'चौदा दिन साब' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

या नावाचं कारण साधं आहे. स्लॅब ओतली की ती आपल्या पायावर उभी राहायला वेळ घेते. तोवर खाली लाकडी टेकू हवेत, त्यांना आमच्याकडे बल्ल्या म्हणतात. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरच्या आतला असेल तर बल्ल्या सात दिवस ठेवायच्या, त्याहून मोठा असेल तर चौदा. हे मानकांच्या पुस्तकात छापलेलं आहे आणि शहरातल्या प्रत्येक इंजिनिअरने ते परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. पाळत कोणी नाही. मेस्त्रीला तेच लाकूड दुसऱ्या साइटवर न्यायचं असतं, बिल्डरला वरच्या मजल्याची घाई असते, आणि दहाव्या दिवशी काढलं म्हणून काल कुठे पडलं, असा सगळ्यांचा हिशेब. नामदेवरावांपुढे हा हिशेब चालायचा नाही.

मी सिव्हिलची डिग्री घेऊन साइटच्या देखरेखीला त्यांच्या हाताखाली आले तेव्हा ते अठ्ठावन्नचे होते. देगलूरकडचं शेतकरी घराणं, वडील निजामाच्या काळात शहरात आलेले, हे स्वतः डिप्लोमावाले. पगार माझ्याएवढाच, अक्कल दसपट. वाळूचा ट्रक आला की मूठभर वाळू तळहातावर चोळायचे आणि हाताला माती लागली की ट्रक परत. सिमेंटच्या गोणीत गठ्ठा सापडला तर अख्खी थप्पी परत. माझी डिग्री त्यांनी पहिल्याच आठवड्यात गुंडाळून ठेवायला लावली. म्हणाले, साइटवर पाऊल टाकलं की आधी मान वर करून बल्ल्या मोजायच्या, नमस्कार नंतर.

एकदा नामपल्लीला एका बिल्डरने बाराव्या दिवशी माणसं पाठवली. नामदेवरावांनी स्लॅबखाली खुर्ची टाकली आणि दोन दिवस तिथेच बसले. डबा तिथे, पेपर तिथे. बिल्डर फोनवर आईबहिणीवरून बोलला. यांनी फोन कानापासून जरा लांब धरला, एवढंच. मी हसले होते तेव्हा. असा माणूस आपल्याला शिकवतो याचा मला माज होता, हे आज कबूल करते.

मग त्यांच्या धाकट्या बहिणीचं, शांताबाईंचं घर निघालं. नारायणगुड्याच्या मागच्या गल्लीत छोटा प्लॉट, खाली पार्किंग, वर राहायचा मजला. शांताबाई विधवा, एकुलता मुलगा हेमंत बँकेत. हिमायतनगरच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात त्यांनी एकवीस वर्षं काढली. घर दादा बांधणार म्हणून त्या निर्धास्त होत्या, आणि दादांनीही जीव ओतला. यादगिरी हा त्यांचा सर्वांत जुना मेस्त्री लावला. हेमंतला हॉल मोठा हवा होता, मध्ये खांब नको होता. वीस फुटांचा गाळा. म्हणजे चौदा दिवस.

राहत्या मजल्याच्या छताची स्लॅब ओतली आणि त्याच संध्याकाळी गुरुजींनी पंचांग काढलं. हेमंतची बायको स्वाती सहा महिन्यांची गरोदर. सातवा लागला की वास्तू करायची नाही, आणि दहा दिवसांनी आषाढ लागत होता. शेवटचा मुहूर्त नवव्या दिवशीचा. तो चुकला तर बाळ भाड्याच्या घरात जन्मणार. आता हे ऐकून कोणी हसेल. पण एकवीस वर्षं दुसऱ्याच्या नळावर पाणी भरणारी बाई हसत नाही.

नामदेवरावांनी आधी सरळ सांगितलं, मुहूर्त करा, पण बल्ल्यांमध्येच करा. तसं करता आलंही असतं. पण पस्तीस बल्ल्यांच्या जंगलात होम कुठे मांडणार? गुरुजींनी चार हात मोकळी जागा मागितली, तीही हॉलच्या मध्यावर. आमच्या हैदराबादच्या मराठी घरांत तेलुगू शेजाऱ्यांची एक रीत कायमची मुरली आहे, नव्या घरात चूल मांडून दूध उतू जाऊ द्यायचं. त्या चुलीलाही जागा हवी. आदल्या दिवशी शांताबाई साइटवर आल्या, बल्ल्यांमधून वाट काढत भावापुढे उभ्या राहिल्या.

"दादा, लोकांच्या घरात लई कायदा केलास. माझ्या घरातल्या मधल्या दोनच काढ की. दुपारी पुन्हा लाव, मी कुठं नको म्हणू लाले?"

यादगिरीने मान हलवली. मधल्या दोन काढल्या तर वरचं आडवं लाकूड लोंबतं आणि शेजारच्या बल्ल्यांवर वजन जातं, हे त्याने सांगितलं. नामदेवरावांनाच सांगितलं, ज्यांनी ते त्याला शिकवलं होतं. त्यांनी शिडीवर चढून स्लॅबला हातोडी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, सकाळी काढ, बारा वाजता लाव. हातोडीच्या आवाजावरून स्लॅबची ताकद कळत नाही, हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं.

मी सकाळी आठला पोचले. सवयीने मान वर गेली आणि मोजलं. तेहतीस. मध्ये मोकळी जागा, रांगोळी, होमकुंड, आणि सोवळं नेसून हसणारे नामदेवराव. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "काका, मधल्या दोन?"

"बाराला लावतो," ते म्हणाले आणि नजर दुसरीकडे वळवली.

दुसरा कोणी असता तर मी तिथेच आरडाओरडा करून सगळ्यांना खाली हाकललं असतं. पण ते होते. त्यांना चारचौघांत, बहिणीच्या वास्तूला, मी काय शिकवणार? मी मुकाट्याने चौरंगाजवळ जाऊन बसले. वर गच्चीवर जाऊन पाहायचंही मला सुचलं नाही. कठड्यासाठी आणलेल्या विटा मजुरांनी आदल्या संध्याकाळी वर चढवल्या होत्या आणि बरोबर मध्यावर रचल्या होत्या, स्लॅब ओली राहावी म्हणून पाण्याने भरलेल्या आळ्यांच्या शेजारी. नामदेवराव रोज सकाळी गच्चीवर चक्कर मारायचे. त्या दिवशी पाहुण्यांमुळे राहिलं.

होम झाला. दूध उतू गेलं, बायकांनी हळदीकुंकू लावलं, स्वातीच्या डोळ्यांत पाणी आलं. पावणेबाराला सगळे जेवायला खाली पार्किंगमध्ये उतरले. यादगिरी दोन बल्ल्या खांद्यावर घेऊन जिन्याच्या तोंडाशी थांबला होता, माणसं उतरायची वाट बघत. शांताबाई मागे राहिल्या. उतू गेलेलं दूध फरशीवर वाळू नये म्हणून त्या ओल्या फडक्याने पुसत होत्या. नामदेवराव जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणाले, शांते, चल, मग पुसशील. त्या म्हणाल्या, झालंच.

आवाज मोठा नव्हता. आधी लाकूड मोडल्याचा, मग धपकन. धूळ जिन्यावरून खाली आमच्या पानांवर आली. यादगिरी बल्ल्या टाकून आत पळाला आणि नामदेवराव हातांनी काँक्रीट उपसायला लागले. नऊ दिवसांचं काँक्रीट, तुटलेल्या कडेला आत अजून ओलसर होतं. शांताबाईंना बाहेर काढायला अग्निशमनवाल्यांना दीड तास लागला. काही उरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार झाले तोवर यादगिरी ठाण्यात होता. हेमंतने जबाब दिला होता, मेस्त्रीने न विचारता बल्ल्या काढल्या. मी हेमंतला दोष देत नाही. आई गेली होती, मामा तरी तुरुंगात जाऊ नये असं त्याला वाटलं. नातेवाइकांनी नामदेवरावांना समजावलं की यादगिरीचं काय, चार महिन्यांत जामीन होईल, त्याच्या घरच्यांकडे आपण बघू. त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, पोरी, गाडी काढ.

ठाण्यात इन्स्पेक्टर तेलुगू होता, बोलत होता दखनीत.

"किसने निकलवाया?"

"मैंने."

"मेस्त्री बोला था नक्को करके?"

"हौ, बोला था. मैं नहीं सुना."

"कित्ते दिन हुए थे?"

"नौ."

"कित्ते होना था?"

"चौदा."

"मालूम था आपको?"

"चौतीस बरस से मालूम है, साब."

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. आजवर त्याच्यासमोर असं कोणी बोललं नसावं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनिअर आहे का, मी तिथे होते का, बल्ल्या नाहीत हे मला दिसलं का, असं एका दमात विचारलं. माझं लायसन्स त्याच वर्षी झालेलं. घरी आईवडील, भावाचं शिक्षण. मी तोंड उघडलं, काय बोलणार होते मला आजही माहीत नाही, पण नामदेवराव आधी बोलले.

"इस बच्ची को कुछ नहीं मालूम. ये तो खाने के टाइम पर आई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यादगिरीला त्याच संध्याकाळी सोडलं आणि नामदेवरावांना आत घेतलं. खटला अजून चालू आहे, ते जामिनावर घरी असतात, कोणाशी बोलत नाहीत. हेमंत त्यांच्या दारात जात नाही. मीही गेलेले नाही.

माझा जबाब दोन ओळींचा होता. मी बारा वाजता पोचले, असं त्यात लिहिलं होतं. मी तो वाचला आणि खाली सही केली.