समुद्रासाठी केलेल्या दशम्या

निफाडकडच्या संतोष बागाईतदाराच्या घरात एकदा नवराबायकोचं चांगलंच जुंपलं होतं. बायांची टोळी घेऊन त्याच्या बागेत कामाला येणारी पुतळाबाई खिडकीलगतच्या ओळीत द्राक्षाचे मणी विरळत होती. हात कामात होते, कान मोकळेच होते.

"गोवा, गोवा करून वर्षं घालवली तुम्ही," मोहिनी म्हणत होती. "मला विमान नको, हॉटेल नको. दिंडोरीच्या बागा बघत जाऊ, पेठचा घाट उतरू, दुपारी तिथल गावच्या समुद्रावर. मग किनाऱ्याकिनाऱ्यानं उमरगाव, बोर्डी, डहाणू. आपल्याच गाडीनं!"

"द्राक्षं बघायला पेट्रोल जाळायचं? ती दाराशी लटकलीत की," संतोष म्हणाला.

दार आपटलं. पुतळाबाईच्या हातातला घड तसाच राहिला. तिचं माहेर पेठच्या वरचा पाडा. लहानपणी कड्यावर उभं राहिलं की मावळतीकडं नुसतं धुरकट दिसायचं. बाप म्हणायचा, त्याच्या पलीकडं समुद्र हाय. पण तो दुपारपर्यंत गाठता येतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा नाथा काळी-पिवळी जीप चालवायचा. संध्याकाळी तिनं विचारलं, "अवं, आपल्या जीपला जमंल का?"

"जीपला जमंल. तुला सवड कधी हाय?"

तिथंच घोडं अडलं. फळ उतरलं की छाटणीपर्यंत बागेला विसावा, म्हणजे पुतळाबाई मोकळी. पण तेव्हाच लगीनसराई, नाथाची जीप वऱ्हाडात. पावसाळ्यात जीप दारात उभी, तर घाटात दरड. दिवाळीनंतर नाथा रिकामा, तर ही मण्यांत बुडालेली. पण बेत काही सुटला नाही. जेवताना नाथा ताटात बोटानं रस्ता काढायचा. चटणी म्हणजे पेठ, भाकरीची कड म्हणजे घाट, मीठ म्हणजे समुद्र.

"समुद्र संपवू नका," ती म्हणायची, "भाजी अळणी झालीय."

पुढं काही वर्षांनी संतोषनं जुनी बाग उपटून वाइनची द्राक्षं लावली. मुंबईची माणसं ती बघायला यायला लागली. "आपण हितं वाकून मोडलो, आन् ह्ये फोटू काढत्यात," बाया हसायच्या. ह्या द्राक्षाची तोडणी कंपनी ठरवायची. साखर भरली की फोन यायचा, आणि दुसऱ्या दिवशी माल उतरलाच पाहिजे.

पुतळाबाईचे गुडघे आता जिना बघूनच दुखायचे. एवढा हंगाम झाला की टोळी सोडायची, असं तिनं सांगून टाकलं होतं. नाथानंही जीप विकायला काढली. नामपूरचा माणूस शुक्रवारी न्यायला येणार होता. गुरुवार तेवढा हातात होता. साखर भरायला अजून आठवडा आहे, असं संतोषच म्हणाला होता. पुतळाबाईनं दुधात पीठ मळून वाटेसाठी दशम्या केल्या, फडक्यात बांधल्या, ठेवणीतलं लुगडं काढलं.

बुधवारी दिवस मावळता संतोष दारात आला. "पुतळामावशी, कंपनीचा फोन आला. उद्या तोडणी."

तो गेल्यावर नाथा कडाडला, "जायचं नाय! दुसरं कुणी बायांना सांगंल."

"दुसऱ्याच्या सांगण्यावर येत्यात व्हय त्या?"

ते खरंच होतं. ज्या बाईनं टोळी बांधली, तिनं स्वतः दारात येऊन सांगितल्याशिवाय आणि तोडणीला पुढं उभी राहिल्याशिवाय टोळीतली एकही बाई बागेत पाऊल टाकायची नाही. तसाच रिवाज होता.

"त्यो जीप घेणारा एक दिस थांबायचा नाय का?"

"सौदा झालाय," नाथा खाली बघत म्हणाला.

पुतळाबाईनं दशम्यांचं गाठोडं बाजूला सरकवलं. मग चौकट धरून उठली आणि बाहेर पडली.

पहिलं दार भागीबाईचं. "भागे, उद्या तोडणी. कात्री घे. उजाडता ये."

"अगं बया! तू तर समुद्राला चालली व्हतीस!"

"चालले व्हते." पुतळाबाईनं भिंतीला हात टेकून दम घेतला. "दुपारचं काय बांधून आणू नको. दशम्या लय झाल्यात."

आणि ती सगुणाबाईच्या दाराकडं वळली.