पूर्ण वाक्याची वाट पाहणारे तौर सर

१. गेल्या वर्षी दिगंबर तौर सरांच्या पत्नी सुमनताई वारल्या. सरांनी ही बातमी माजी विद्यार्थ्यांच्या ईमेल ग्रुपवर पानभर इंग्रजीत लिहून कळवली.

२. पुष्कळ उत्तरं आली. बहुतेकांनी ‘आरआयपी’ एवढीच अक्षरं लिहिली, काहींनी ‘टेक केअर’ची आद्याक्षरं. सगळ्यात लांब उत्तर तीन शब्दांचं होतं.

३. त्यानंतर सरांनी ग्रुपवर काहीही लिहिलेलं नाही.

४. आता सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. हा गौरवग्रंथ तयार होतो आहे. त्याच्या प्रकाशन समारंभाला यायला सरांनी नकार दिला आहे.

सर मूळचे तीर्थपुरीचे. जालन्यात मस्तगडला राहून त्यांनी आम्हा मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. मी त्यांना प्रथम पाहिलं ते आठवीत. त्यांच्या वर्गाची एक पद्धत होती. उत्तर द्यायला उठलेल्यानं पूर्ण वाक्य बोलल्याशिवाय बसायचं नाही, आणि तो उभा असेपर्यंत सरही बसत नसत. पहिल्याच दिवशी मी बराच वेळ उभी होते. मागच्या बाकावरून नीलेश म्हणाला, “सर, तिचे पाय दुखून राह्यले.”

“माझे बी दुखून राह्यले,” सर म्हणाले. “पण तिचं वाक्य पुरं व्हायचंय. तुला जल्दी असंल तर तू जा.”

या आग्रहाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. “गावाकडच्या पोराचं अर्धं वाक्य पुरं करून घ्यायला शहरात कुणी थांबत न्हाई.” नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मला ते खरं असल्याचं कळलं.

पुढे आम्ही पुण्या-हैदराबादला पांगलो. मी संगणक अभियंता झाले आणि हा ग्रुप तयार केला. सर सायबर कॅफेत जाऊन उत्तरं लिहू लागले. आधी कागदावर मजकूर लिहायचा, तो हलक्या आवाजात वाचून पाहायचा, मग एका बोटानं टाइप करायचा. नुसतं ‘हाय सर’ पाठवणाऱ्यालाही ते परिच्छेदभर लिहीत, त्याच्या आईची तब्येत विचारत. नीलेशनं एकदा त्यांना सांगितलं, “सर, आता एवढं लिहायला टाइम कुणाकडंय?” सर म्हणाले, “बोलायला मिळतो नं? मंग बोलतोस तसं बराबर लिही.”

हैदराबादला नीलेशची नोकरी गेली तेव्हा त्यानं ग्रुपवर दोन शब्द टाकले आणि पुढे हसरा चेहरा. सगळ्यांनी ‘चिल’ म्हटलं. सर दुसऱ्या दिवशी रेल्वेनं त्याच्या खोलीवर पोचले. दार उघडणाऱ्या नीलेशला ते म्हणाले, “तू अर्धंच लिहिलं. उरलेलं ऐकायला आलो.” आणि चार दिवस राहिले.

नीलेश आता या ग्रंथाचा संयोजक आहे. सुमनताईंच्या बातमीवर त्यानंही तीन अक्षरंच लिहिली होती. शुभेच्छांच्या पानासाठी आलेला मजकूर तसाच तुटक आहे, आणि तो आहे तसा छापायचं ठरलं आहे. मी हरकत घेतली तेव्हा नीलेश म्हणाला, “अगं अश्विनी, भावना पोचल्या नं? बस.” संदेश पोचल्याची खात्री यंत्र देतं. माणसापर्यंत काय पोचलं, ते तपासण्याचं साधन माझ्याकडे नाही. म्हणून मी सरांना फोन केला.

“पोरं वाईट न्हाईत,” सर म्हणाले. “त्यांना बिलकुल वाईट वाटलं असंल. पण हिच्या जाण्याचं मी पानभर लिहिलं, अश्विनी. मंग रोज कॅफेत जाऊन बसायचो. वाटायचं, कुणीतरी पुढं लिहील. एकाचं तरी वाक्य पुरं होईल.”

“मग?”

“मंग काय? बसलो खाली.”

ज्यांना आम्ही कधी थकलेलं पाहिलं नाही, ते सर थकले आहेत. या ग्रंथानं काही भरून निघेल असं मला वाटत नाही. ग्रुपवरची पद्धत बदलेल असंही वाटत नाही. ती माझ्या कार्यालयातही आहे आणि वाढतेच आहे.

सर, छपाईला जाण्याआधी हा लेख आपल्याकडे पाठवते आहे. आपल्याला निरोगी आणि पुष्कळ आयुष्य लाभावं. जेवण वेळेवर घ्यावं, संध्याकाळचं फिरणं सोडू नये. आपण नकार दिला आहे, तरी पुन्हा विचार करून समारंभाला येणार का, एवढं येत्या शनिवारपर्यंत कळवावं. एका शब्दात कळवलंत तरी चालेल.